पीक

निरोगी माणसाचं रक्त पाहिजे होतं तुलनेला.
कुणी मिळेना, मग मीच बाही वर केली.
आता साखर पेठेतल्या मल्लेशम इराबत्तींची नळी
आणि माझी, एकाच स्टँडला शेजारी शेजारी.
मशीनमध्ये फिरवून लाल खाली बसलंय,
वर दोघांचं सारखंच पिवळट पाणी,
करडईच्या तेलासारखं.

थ्रोम्बिनचा एक थेंब.
पाणी गढुळतं. आत फायब्रिनचे धागे धरतात,
पडद्यावरची रेघ चढत जाते.
मग दुसरं औषध,
रक्तातच झोपून असलेल्या प्लास्मिनला उठवणारं:
ऊठ बाई, कापायला लाग.

माझी गाठ एकेचाळिसाव्या मिनिटाला विरघळली.
त्यांची रेघ सपाट.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, कूलरला पाणी नाही.
सत्तर मिनिटं. नव्वद.
एकशेविसाला मशीन आपोआप बंद होतं.
लिहिलं: विरघळली नाही.

डायलिसिस संपवून ते जिना चढून आले,
दर दोन पायऱ्यांना थांबत.
"दावा की, काय करलालाव आमच्या रक्ताचं."
पुण्याहून आलेले फोटो होते,
वीस हजार पट मोठे केलेले. टेबलावर मांडले.
त्यांनी शर्टाच्या खिशातून
पितळेचं घडीचं भिंग काढलं,
एक इंच चौकटीचं, पिकं मोजायचं.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जॉबर,
टर्किश टॉवेलच्या मागांवर.
रिटायर होताना भिंग तेवढं परत केलं नाही.

आधी माझा फोटो.
"ह्ये गमछा. उजेड दिसतोय आरपार."
मग त्यांचा. बराच वेळ. ओठ हलत होते,
आकडे तेलुगूत.
"ह्यात कोण तर पीक लई ठोकलालाय बगा.
सूत बारीक, आन् गच्च."

मी सांगत बसले:
किडनी बसली की अंगात कायम बारीक धग राहते,
तसं यकृत फायब्रिनोजेन जास्त सोडतं.
युरिया धाग्याला नेमका तिथेच चिकटतो
जिथे कात्रीनं धरायचं.
आणि दुसरीही प्रथिनं
विणताना आत अडकून बसतात,
म्हणजे बघा...
"खळ," ते म्हणाले.
"खळ लई झाली की धाग्याला धागा धरतो.
मग उकलायचं नाव नको."

माझ्या मॅडमना हे समजवायला
अकरा स्लाइड लागल्या होत्या.

भिंग मिटून खिशात गेलं.
"मग हितला जॉबर कोण?"
मी नळ्यांवरची नावं परत तपासली.
खाली बालामणी बसल्या होत्या,
सुपात तेंदूची पानं, हात चालूच.
डब्यात शेंगाचटणी नाही, बंद केलीय,
तरी झाकण उघडलं की वास येतोच, म्हणाले,
डब्याला लागलाय वीस वर्षांचा.

डाव्या मनगटातला फिस्टुला दोनदा बसलाय.
दोनदा उघडला.
तो वाजतो तेव्हा बोटांना बारीक थरथर लागते;
रात्री उशीखाली हात गेला की
माग चालू असल्यासारखं वाटतं त्यांना,
झोप लागते.
ज्या रात्री थांबला त्या रात्री
ते जागे झाले, आवाज बंद पडला म्हणून,
लाइट गेली की कारखान्यात सगळे जागे होतात तसे.

सकाळी नळ्या धुवायला घेतल्या.
त्यांची नळी स्वच्छ.
रात्री कधीतरी, कुणी मोजत नसताना, उकललं होतं.
लिहायला रकाना नव्हता.
मी शेरा म्हणून काहीतरी खरडलं, खोडलं.
नळीला रात्रभर वेळ असतो,
मनगटाला नाही, हे मला माहीत आहे.
तरी ती मी धुतली नाही त्या दिवशी.

गुरुवारी ते आले.
खुर्चीत बसायच्या आधीच बाही वर.
"बगा, वाजलालाय का."
मी दोन बोटं ठेवली.